साडेसहाशे रुपयांत ‘लाइफटाइम’ विंडोज: घेऊ का?

पत्र: नमस्कार. सांगलीत विश्रामबागला माझं छोटं ऑफिस आहे. मार्केट यार्डातल्या काही अडत दुकानांचे हिशेब, जीएसटी रिटर्न, आयकर ही कामं मी करते. ऑफिसात तीन संगणक आहेत. दोन नामांकित कंपनीचे, पाच वर्षांपूर्वी घेतलेले, त्यांत विंडोज १० आधीपासून होती. तिसरा गेल्या महिन्यात असेंबल करून घेतला, त्यात काहीच टाकलेलं नव्हतं. दुकानात विचारलं तर विंडोज ११ चे दहा हजारांच्या वर सांगतात, मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे (वर्ड, एक्सेल) वेगळे. भाच्याने एका मोठ्या शॉपिंग साइटवर विंडोज ११ प्रोची ‘की’ (ती चालू करायचा नंबर) ६४९ रुपयांना आणि ‘ऑफिस २०२४ प्रोफेशनल प्लस’ ८९९ रुपयांना दाखवली. दोन्हींवर ‘१०० टक्के ओरिजिनल, लाइफटाइम’ असं लिहिलंय आणि लोकांनी चांगले तारेही दिलेत. विंडोजची एक की घेऊन बघितली तर लगेच चालू झाली. आमचा संगणकवाला म्हणतो, ‘ताई, तेवढेही कशाला घालवता? पाचशेत सगळं टाकून देतो, हिशेबाच्या टॅलीसकट.’ भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला कॉलेजकडून ऑफिस फुकट मिळतं. तेच माझ्याकडे टाकलं तर चालेल का? नक्की काय खरं मानावं?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर:

ताई, आधी पैसे वाचवणारी गोष्ट सांगतो. तुमच्या जुन्या दोन संगणकांना कुठलीच की विकत घ्यायची गरज नाही. कंपनीच्या संगणकात विंडोज १० आधीपासून असेल तर तिचं लायसन्स त्या मशीनच्या मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटशी, बांधलेलं असतं. त्याच लायसन्सवर मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ फुकट देते, फक्त मशीन तेवढ्या ताकदीचं हवं. पाच वर्षांपूर्वीची बहुतेक मशीन या अटीत बसतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून बघा. तिथे काही दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टचंच ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट उतरवून चालवा, कुठे अडतंय ते नेमकं सांगतं. कधी कधी टीपीएम नावाची सुरक्षा चिप मशीनमध्ये असते, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते. ती चालू केली की काम होतं. हे लांबणीवर टाकू नका, कारण विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि तुमच्या मशीनवर लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत.

म्हणजे प्रश्न उरला तो एका कोऱ्या संगणकाचा आणि ऑफिसचा. तरी तुमचा मुख्य प्रश्न मोठाच आहे, कारण हीच साडेसहाशेची की आज सांगली-मिरजेत घरोघरी आणि दुकानोदुकानी पोचली आहे.

तुम्ही लिहिता, ‘की’ टाकली आणि लगेच चालू झाली. ती चालू होणारच होती. या विक्रेत्यांकडच्या बऱ्याच की खोट्या नसतात, त्या मायक्रोसॉफ्टनेच काढलेल्या असतात. प्रश्न आहे तो त्या कोणासाठी काढल्या होत्या हा. कॉलेजच्या पोराचा एसटीचा सवलतीचा पास घेऊन दुसऱ्याच कोणी प्रवास केला तर पास खरा असतो, शिक्का खरा असतो, पण प्रवास करणाऱ्याचा हक्क खरा नसतो. तपासनीस चढेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. की म्हणजे नुसता पंचवीस अक्षरांचा नंबर. लायसन्स म्हणजे कोणी, किती मशीनवर, कशासाठी वापरायचं याची परवानगी. साडेसहाशेत तुम्हाला नंबर मिळाला आहे, परवानगी मिळाल्याचं कुठेच दिसत नाही.

इतक्या स्वस्तात या की येतात कुठून? काही मोठ्या कंपन्यांना किंवा संस्थांना एकगठ्ठा दिलेल्या असतात. एकच की शेकडो मशीनवर चालते आणि तिथला कोणीतरी ती बाहेर विकतो. काही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी मिळालेल्या असतात. काही भंगारात गेलेल्या संगणकांवरच्या स्टिकरवरून उतरवून घेतात. काही चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या असतात, कार्डाचा खरा मालक बँकेकडे तक्रार करतो आणि मग त्या रद्द होतात. काही वेळा एकच की पाच-पन्नास जणांना विकली जाते. विकत घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सगळ्यांना सारखाच ई-मेल येतो.

आता त्या जाहिरातीकडे परत जाऊ. पत्रासोबत तुम्ही पाठवलेला जाहिरातीचा मजकूर मी नीट वाचला. त्यातल्या चार गोष्टी तुम्ही स्वतः ओळखायला शिकलात तर पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही.

पहिली गोष्ट नावातच आहे. ‘ऑफिस २०२४ प्रोफेशनल प्लस’ असं सुटं पाकीट तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकासाठी बाजारात आलेलंच नाही. सुट्या ग्राहकाला मिळतात ‘होम २०२४’ आणि ‘होम अँड बिझनेस २०२४’. प्रोफेशनल प्लस ही आवृत्ती कंपन्यांना एकगठ्ठा लायसन्सवर दिली जाते. ती ८९९ रुपयांत एकेकाला विकली जातेय याचा अर्थ कुणाच्या तरी गठ्ठ्यातून ती सुटी काढली आहे. इथे पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

दुसरी: ‘ऑनलाइन चालू न झाल्यास फोनने ऍक्टिव्हेट करून देऊ, स्क्रीनचा फोटो पाठवा.’ फोनने ऍक्टिव्हेट करण्याची सोय मुळात मायक्रोसॉफ्टचीच होती, त्यात गैर काही नव्हतं. पण नवीन, एकदाही न वापरलेल्या कीला सहसा तिची गरज पडत नाही. विक्रेता आधीच ही सूचना छापून ठेवतो, कारण त्याच्या बऱ्याच कीची ऑनलाइन मर्यादा संपलेली असते हे त्याला ठाऊक असतं.

तिसरी: ‘बिल हवे असल्यास मेसेज करा.’ ताई, तुम्ही तर दिवसभर बिलंच बघता. सॉफ्टवेअरवर १८ टक्के जीएसटी लागतो. खरा विक्रेता न मागता टॅक्स इनव्हॉइस देतो, त्यावर त्याचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर असतो, तुमचा नंबर दिलात तर तोही येतो आणि खरेदी तुमच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या विवरणात दिसते. तो नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून व्यवसायाचं नाव बघा. तिथे कपडे किंवा मोबाइल कव्हर विकणाऱ्याची नोंद निघाली तर काय ते समजा. पण नुसतं बिल पुरेसं नाही, हेही लक्षात ठेवा. बिल देणाऱ्यालाही विकायचा हक्क लागतोच. बिल नसेल तर मात्र सौदा तिथेच सोडून द्यावा.

चौथी गोष्ट ‘लाइफटाइम’ या शब्दाची. विंडोजची आणि एकदाच घ्यायच्या ऑफिसची लायसन्स मुदतीशिवाय असतात, हे खरं. पण ‘मायक्रोसॉफ्ट ३६५ लाइफटाइम’ किंवा ‘अडोबी फोटोशॉप लाइफटाइम’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. दोन्ही वर्गणीवर चालतात. फ्लेक्सवाल्यांना आणि फोटोग्राफरना हेच सांगून सर्रास फसवलं जातं.

चांगल्या ताऱ्यांबद्दल एवढंच सांगतो की ते देणाऱ्याने पहिल्याच दिवशी दिलेले असतात. चार-सहा महिन्यांनी की रद्द झाली की तोच माणूस परत येऊन तारे काढत नाही. आणि मोठ्या साइटवर आहे म्हणजे साइटनेच विकलं असंही नसतं. साइट बहुतेक वेळा मध्यस्थ असते. वस्तूच्या खाली ‘विक्रेता’ म्हणून ज्याचं नाव लिहिलंय त्याच्याशी तुमचा व्यवहार झालेला असतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि संपर्क दाखवणं साइटवर बंधनकारक आहे. खरेदीआधी ते उघडून वाचा.

काही विक्रेते युरोपातल्या निकालाचा दाखला देतात, ‘वापरलेलं सॉफ्टवेअर विकणं कायदेशीर आहे’ म्हणून. तो निकाल खरा आहे. २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात तो दिला. पण त्यातही विकणाऱ्याने स्वतःची प्रत बंद करायला हवी आणि एकगठ्ठा लायसन्स फोडून सुटं विकता येत नाही, असं म्हटलं आहे. शिवाय तो त्यांच्या कायद्यावरचा निकाल आहे. सांगलीत बसून घेतलेल्या कीला त्याचा आधार नाही.

आता तुम्ही घेतलेली की तपासू. ज्या संगणकात ती टाकली त्यावर कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) उघडा. एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून डी, एल, आय लिहून एंटर दाबा. क्षणभराने एक लहान चौकट उघडेल. तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत शेवटी ‘चॅनल’ या शब्दाआधी काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर ती कंपन्यांच्या गठ्ठ्यातली की आहे आणि तुमची नाही, हे नक्की. त्यापुढे ‘केएमएस’ (कंपनीच्या सर्व्हरवरून चालू होणारी की) असेल तर ती १८० दिवसांपुरतीच असते. मशीनने त्या मुदतीत एखाद्या केएमएस सर्व्हरला गाठून नूतनीकरण केलं नाही तर ऍक्टिव्हेशन जातं. तो सर्व्हर कोणाचा, हे विचारून बघा, उत्तर मिळणार नाही. ‘ओईएम’ दिसलं तर ती एखाद्या मशीनसोबत दिलेली की आहे. ते मशीन तुमचं नसेल तर तीही तुमची नाही. ‘रिटेल’, म्हणजे सुटी विकायची, दिसलं तर थोडं बरं, पण चाचणीसाठी दिलेल्या कीसुद्धा रिटेलच दाखवतात, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

ऑफिसची परीक्षा सोपी आहे. खरं ऑफिस २०२४ मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावर, तुमच्याच खात्यात लॉगिन करून नोंदवलं जातं आणि नंतर तुमच्या खात्याच्या यादीत दिसत राहतं. विक्रेता म्हणाला की खात्याची गरज नाही, किंवा त्याने स्वतःच तयार केलेलं युजरनेम आणि पासवर्ड दिला, तर ते तुमचं नाही.

तयार खात्याचा प्रकार मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. ‘पाच मशीन, एक टीबी वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची फायलींची जागा), आयुष्यभर’ असं सांगून जे खातं देतात, ते एखाद्या कॉलेजच्या किंवा संस्थेच्या व्यवस्थेत उघडलेलं असतं. त्याच्या वर एक ऍडमिन असतो. तो कधीही पासवर्ड बदलू शकतो, खातं मिटवू शकतो आणि आतल्या फायली बघू शकतो. अशा खात्यावर वर्ड उघडून ‘सेव्ह’ दाबलं की फाइल बहुतेक वेळा आपोआप वनड्राइव्हवर जाते. म्हणजे अडत्यांचे ताळेबंद, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, आधारच्या प्रती, सगळं अशा माणसाच्या हातात जातं ज्याचा चेहराही तुम्ही पाहिलेला नाही. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद असे दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे नाहीत, यावर मी ठाम आहे.

तुमच्या संगणकवाल्याचं ऐकू नका असं मी म्हणतो, त्याचंही कारण हेच. तो पाचशेत जे टाकतो ते क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवून चालू केलेलं सॉफ्टवेअर असतं. ते चालवायच्या आधी तो अँटिव्हायरस बंद करतो, तुम्ही शेजारी उभ्या राहून बघितलंत तर लक्षात येईल. ज्या प्रोग्रॅमला आत घेण्यासाठी पहारा उठवावा लागतो, तो आत काय करतो हे त्या संगणकवाल्यालाही ठाऊक नसतं. अशा ऍक्टिव्हेटरमधून पासवर्ड चोरणारे आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम येतात. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला सगळ्या फायली उघडेनाशा झाल्या तर अडत्यांना काय सांगणार? उलट ६४९ ची की तेवढी घातक नसते, जर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली असेल. विक्रेत्याने स्वतःची डाउनलोड लिंक दिली किंवा एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरवरून) तुमचं मशीन हाताळलं असेल, तर मात्र मशीन पूर्ण फॉरमॅट करून घ्या आणि जीएसटी, आयकर, बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

कायद्याचंही सांगायला हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी आहे. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. क्रॅक या कलमात सरळ बसतो. टॅलीचंही तसंच. खरी टॅली अधिकृत पार्टनरकडून घेतली की तिचा सिरियल नंबर तुमच्या ई-मेलवर, तुमच्या नावाने नोंदला जातो. एकदम पैसे जड वाटत असतील तर ती भाड्यानेही मिळते. ज्यांचे कर बरोबर भरण्याची जबाबदारी आपण घेतो, त्यांचा हिशेब चोरीच्या टॅलीवर लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्याच सवलती खोट्या असतात असं नाही, तोही गैरसमज नको. अँटिव्हायरसचे डबे छापील किमतीच्या बरेच खाली मिळतात, कारण त्यात दुकानदाराला सुटणारा वाटाच मोठा असतो. पुण्याच्या क्विक हीलचा सीलबंद डबा स्टेशन चौकातल्या दुकानात स्वस्त मिळाला तर खुशाल घ्या, फक्त बिल घ्या आणि की आपल्या नावावर नोंदवा. दिवाळीच्या सेलमध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्षाची वर्गणी काही टक्क्यांनी उतरते, ते समजण्यासारखं आहे. दहा हजारांची वस्तू साडेसहाशेला, हे मात्र कुठल्याच सेलमध्ये बसत नाही. तुमच्या अडत्यांना विचारा, चांगली राजापुरी हळद कोणी अशा भावाने देऊ केली तर ते आधी काय विचारतील? माल कुठला, हाच प्रश्न विचारतील.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. कोऱ्या संगणकासाठी ज्याने तो जोडून दिला त्याच्याकडेच ओईएम विंडोज मागा. नवीन मशीनसोबत विकायचा हा अधिकृत प्रकार आहे, सुट्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतो. बिलावर मशीन आणि विंडोज दोन्ही लिहून घ्या. एकच लक्षात ठेवा, ही विंडोज त्या मदरबोर्डपुरती असते, पुढे दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. प्रो घ्यायची गरज बहुधा नाही, तुमच्या कामाला होम पुरते. बजेट जमेपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेली विंडोज ऍक्टिव्हेट न करताही सुरू होते, कोपऱ्यात सूचना दिसत राहते आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही. तो कायमचा मार्ग नव्हे, पण घाईत चुकीची की घेण्यापेक्षा थोडे दिवस थांबणं चांगलं.

ऑफिस तिन्ही मशीनवर लागतं का, हे आधी बघा. जीएसटीआर-९ या वार्षिक रिटर्नची ऑफलाइन फाइल मॅक्रोवर (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालते, तिला खरं एक्सेल लागतं. म्हणून एका मशीनवर ‘होम अँड बिझनेस’ घ्या, कारण ऑफिसच्या कामाची परवानगी त्यात आहे. आधीच्या ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीवर धंद्याच्या वापराला मनाई असायची. पत्रं, अर्ज, साध्या याद्या यांसाठी बाकीच्या दोन मशीनवर लिब्रेऑफिस टाका. ते फुकट आहे, कायदेशीर आहे, धंद्यालाही चालतं आणि त्याचे मेनू मराठीत करता येतात. सवय व्हायला आठवडाभर जाईल, पुढे काही अडत नाही.

भाच्याला कॉलेजकडून मिळालेलं ऑफिस त्याच्या अभ्यासासाठी आहे, तुमच्या ऑफिसात ते नको. तो कॉलेजातून बाहेर पडला की खातं बंद होईल, आणि तुमच्या फायली तोवर कॉलेजच्या व्यवस्थेत पडून राहतील.

६४९ रुपये परत मागाच. साइटवर ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ हे कारण निवडा, की तपासताना उघडलेल्या त्या चौकटीचा फोटो आणि ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मराठीतून तक्रार नोंदवा. एनीडेस्क देऊन खात्यातले पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी. आणि पैसे परत मिळाल्यावर ती की मशीनमधून काढून टाका.